सही करण्याआधी बोर्ड उघडून पाहणारा ठेकेदार

डोंबिवली पूर्वेला आमची 1986 सालची इमारत आहे, तीन मजली, लिफ्ट नसलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या 580 चौरस फुटांच्या घराची सगळी वायरिंग ह्या फेब्रुवारीत आम्ही नव्याने करून घेतली. मजुरी 38,500 रुपये, सामान 61,240 रुपये. सांगितलेले दिवस 11, लागलेले 19. ज्या ठेकेदारांनी काम केलं त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण तशी त्यांचीच विनंती आहे. ते, एक वायरमन आणि एक शिकाऊ मुलगा, एवढीच माणसं. हातातलं काम सोडून नवं घ्यायचं नाही ही त्यांची रीत. पण त्यांच्याकडून मी जे पाहिलं ते लिहिलंच पाहिजे असं मला वाटतं. घरात वायरमन, प्लंबर, गवंडी बोलावताना आपण नेमकं काय बघून माणूस निवडतो, हे मला वयाच्या 61व्या वर्षी कळलं.

मी 31 वर्षं पोस्टात नोकरी केली, त्यातली बरीचशी काउंटरवर. रजिस्टर पत्र, मनीऑर्डर, बचत पत्रं. शिक्का मारण्याआधी कागद डोळ्यांखालून गेलाच पाहिजे, ही आमची पहिली शिकवण. शिक्का म्हणजे ‘हे मी पाहिलं’. ह्या एका वाक्यावर लोक आपले पैसे आमच्या हातात देत. म्हणून पुढची गोष्ट माझ्या फार मनाला लागली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नवं वॉशिंग मशीन घेतलं. त्यासाठी बाथरूमबाहेर 16 अँपिअरचा पॉइंट हवा होता. मुलाने मोबाइलवरच्या एका अॅपवरून माणूस बोलावला. त्या फर्मच्या नावापुढे हिरवी खूण होती, बिलाच्या माथ्यावर ‘आयएसओ 9001’ छापलेलं होतं, माणूस गणवेशात आला. तासाभरात पॉइंट बसला, मशीन फिरू लागलं, आम्ही चांगले तारे देऊन मोकळे झालो. पुढे काही महिन्यांनी गरम पाण्यावर मशीन लावलं की त्याला हात लावताना झिणझिण्या येऊ लागल्या. मी चप्पल घालून कपडे काढायला लागले. आमच्या ह्यांनी खाली रबराची चटई घातली. दोघांनाही त्यात काही गैर वाटलं नाही, ह्याचा मला आज धक्का बसतो.

गेल्या दिवाळीनंतर एसी घ्यायचं ठरलं. त्यासाठी मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती वीज ओढता येईल ती मर्यादा, वाढवून घ्यायला हवा होता आणि महावितरणच्या अर्जासोबत लायसनधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग ठीक असल्याचा दाखला, लागतो. ओळखीतून एक जण मिळाला. फोनवर म्हणाला, “काकू, बिलाचा फोटो पाठवा, 1,500 रुपये द्या, संध्याकाळी सही-शिक्क्याचा कागद मिळेल.” मी विचारलं, घर बघायला कधी येणार? त्याला प्रश्नच कळला नाही. लायसन खरं होतं, शिक्का खरा होता, नंबरही खरा होता. फक्त ज्या घराच्या तारा ठीक आहेत असं तो लिहून देणार होता, ते घर त्याने पाहिलेलं नव्हतं. मी नको म्हटलं. पोस्टातल्या माणसाला असा शिक्का घेववत नाही.

मग मुलाच्या मित्राच्या वडिलांनी ह्या ठेकेदारांचा नंबर दिला. ते एका रविवारी सकाळी आले. पन्नाशीचे असतील, मूळ साताऱ्याकडचे. मी टेस्ट रिपोर्टचं बोलले तर म्हणाले, “ताई, बोर्ड उघडल्याशिवाय मी सही करत नाही. उघडून ठीक निघालं तर आजच करतो, नाही निघालं तर आधी काम, मग सही. कुणाकडून करून घ्यायचं ते तुम्ही ठरवा.” मी लायसन बघायला मागितलं. त्यांना राग येईल की काय असं वाटत होतं. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद काढला आणि वैधतेच्या तारखेवर स्वतःच बोट ठेवलं. त्यांच्या वायरमनचं परमिट वेगळं होतं, तेही दाखवलं. आयटीआयच्या दाखल्यावर ‘तारतंत्री’ असा शब्द होता. वायरमनला मराठीत इतका सुंदर शब्द आहे आणि आपण तो कधी तोंडाने म्हणत नाही.

पहिला उघडला तो मशीनचा पॉइंट. सॉकेटच्या मागे एक बोटभर लांबीचा तारेचा तुकडा होता, न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या तारेच्या) स्क्रूपासून अर्थच्या पिनेपर्यंत. गळका करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची तार त्या भागात आलेलीच नव्हती. गणवेशातल्या माणसाने ती शोधायच्या ऐवजी न्यूट्रलच अर्थला जोडून दिला होता. टेस्टरने बघितलं तर सगळं ठीक दिसतं, मशीनही चालतं. मग ठेकेदारांनी पॅसेजमधली जंक्शनची डबी उघडली. आत जुनी अॅल्युमिनियमची तार आणि नवी तांब्याची तार एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळलेली. टेप जळून कोळसा झालेली, डबीच्या वरचं प्लॅस्टर तपकिरी. तो डाग आम्ही गळतीचा समजून दोनदा रंगवला होता.

त्यांनी मला बाजूला बसवून समजावलं. त्या काळात घरांत अॅल्युमिनियमच्या तारा सर्रास टाकत. अॅल्युमिनियम तापलं की पसरतं, थंड झालं की आकसतं, त्यावर गंज चढतो आणि तांब्याशी पिळलेला जॉइंट हळूहळू ढिला होतो. ढिला जॉइंट तापतो. आमचा ढिला जॉइंट न्यूट्रलचा होता. मशीनमधला हीटर चालू झाला की त्या जॉइंटवर दाब अडायचा आणि त्या तुकड्यावाटे मशीनच्या पत्र्यावर उतरायचा. मल्टिमीटर लावून दाखवलं, पत्रा आणि नळ ह्यांच्यामध्ये 30च्या आसपास व्होल्ट. मी म्हटलं, एवढेच? ते म्हणाले, “ओल्या पायांना एवढे जाणवतात. हा जॉइंट पूर्ण सुटला असता तर पत्र्यावर 230 आले असते.” माझी नात चार वर्षांची आहे. ती त्या मशीनच्या काचेला नाक लावून कपडे फिरताना बघत बसते. मी त्या क्षणी उठून स्वयंपाकघरात गेले आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

त्या दिवशी सही झाली नाही. त्यांनी तो पॉइंट बंद केला, पॅसेजचा जॉइंट तात्पुरता नीट केला आणि उघडून पाहायचे फक्त 400 रुपये घेतले.

आता मला जे समजलं ते सांगते, कारण माझ्यासारख्या किती जणी ह्या चुकीच्या खुणा बघून दार उघडत असतील. ‘आयएसओ 9001’ हे एखादी संस्था आपलं काम कोणत्या पद्धतीने चालवते ह्याचं मानक आहे. कागदपत्रं ठेवते का, तक्रारींची नोंद घेते का, अशा गोष्टींचं. आलेल्या माणसाला अर्थिंग कळतं की नाही, ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय आयएसओ ही संघटना स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते काम वेगळ्या प्रमाणन संस्था करतात. त्या संस्थांना मान्यता आहे की नाही हे पाहायला भारतात एनएबीसीबी हे मंडळ आहे. त्या फर्मकडून मी मागाहून प्रमाणपत्राची प्रत मागवली. तिच्यावर मान्यतेची कसलीच खूण नव्हती. अॅपवरच्या हिरव्या खुणेखालची बारीक अक्षरं वाचली, तर तिथे ओळखपत्र आणि पत्ता तपासल्याचं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. माणूस तोच होता, राहतही तिथेच होता. खूण जे सांगतच नव्हती ते मीच तिच्यात वाचलं होतं.

ठेकेदाराच्या लायसनचं मात्र तसं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010च्या सुरक्षा नियमांत, आणि त्याआधी 1956च्या भारतीय विद्युत नियमांतही, हे स्पष्ट होतं की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यापलीकडचं काम राज्य सरकारचं लायसन असलेल्या ठेकेदारानेच करायचं, प्रमाणपत्रधारक माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या कामगाराच्या हातून. 2010चे नियम पुढे 2023 मध्ये नव्याने आले. म्हणजे आमची इमारत उभी राहिली तेव्हाही हा नियम होताच. तीन पायऱ्या आहेत त्यात: जबाबदार कोण, बघणार कोण, हात लावणार कोण. 1,500 रुपयांत सही विकणारा माणूस ह्यातल्या दोन पायऱ्या गाळतो आणि तिसरी कागदावर ठेवतो. लायसन ही पहिली चाळण आहे. ते नसेल तर पुढे बोलूच नये. पण ते असलं की माणूस चोख आहे, असं समजायचं नाही. ते लायसन घेऊन तो कुठे सही करायला नकार देतो, हे मी आता आधी बघते.

पूर्ण वायरिंगचं ठरल्यावर त्यांनी हाताने लिहिलेला अंदाज दिला. दर पॉइंटवर होता. कुठल्या खोलीत किती पॉइंट, कुठे दीड चौरस मिलिमीटरची तार, कुठे अडीचची, एसी आणि गिझरला चारची, सगळं वेगवेगळं लिहिलेलं. “सामान तुम्हीच घ्या, मी यादी देतो,” म्हणाले. मानपाडा रोडच्या दुकानात आमचे हे आणि मी दोघं गेलो. यादीत ब्रँडचं नाव नव्हतं. लिहिलं होतं, ‘आयएस 694, आयएसआय खूण, सीएम/एल नंबर बघून घेणे’. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर तो सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, नंबर टाकला की कोणत्या कंपनीला कोणत्या मालासाठी परवाना दिला आहे ते समोर येतं. सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अक्षरांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक त्याच अॅपवर तपासता येतो. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कवर तो सक्तीचा झाला, तेव्हा मी नातीच्या बाळ्या घेताना दुकानात उभी राहून तपासला होता. तारेचं बंडलही तसंच तपासता येतं हे मला माहीत नव्हतं. इवल्याशा बाळ्यांसाठी मी केलेली चौकशी भिंतीतल्या तारांसाठी कधी केली नव्हती.

बंडलाच्या खोक्यात कूपन निघतं. कारागिराने आपल्याच कंपनीची तार लावावी म्हणून कंपन्या ते घालतात, आणि बहुतेक ठिकाणी ते गुपचूप खिशात जातं. ठेकेदारांनी पहिलं खोकं माझ्यासमोर उघडलं, कूपन ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, “हे आमच्यासाठी असतं, पण माल तुमचा आहे. चालेल ना घेतलं तर?” मी हो म्हटलं. पुढच्या प्रत्येक खोक्याला त्यांनी तसंच केलं. दुकानदाराकडून त्यांना काही मिळतं का, हेही मी विचारलं. ह्या दुकानातून नाही, म्हणाले, “मिळत असतं तर यादी देऊन तुम्हाला पाठवलं नसतं.”

कामाचं सांगायचं तर आधी कागदावर घराचा नकाशा काढून पॉइंट ठरवले. मी फ्रिजच्या मागे पॉइंट मागितला, त्यांनी तो बाजूला घ्यायला लावला, म्हणजे कधी बंद करायचा तर फ्रिज सरकवावा लागू नये. स्वयंपाकघराला स्वतंत्र सर्किट, इंडक्शनचा पॉइंट वेगळा, गिझर आणि एसीची तार थेट डीबीतून, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीतून. शिकाऊ मुलगा 19 वर्षांचा, आयटीआय करून शिकाऊ उमेदवारी करणारा. तो खाचा मारायचा, पाइप टाकायचा, तारा ओढायचा. डीबीत त्याला हात घालू देत नसत. मी एकदा म्हटलं, हुशार आहे पोरगा, करील की. “करील. परमिट आल्यावर करील,” एवढंच उत्तर.

एक दिवस असा आला की संध्याकाळी प्लॅस्टर करायला गवंडी आला होता आणि हॉलच्या खाचा बुजवायच्या होत्या. ठेकेदारांनी त्याला थांबवलं. आम्हाला दोघांना बोलावून प्रत्येक खाचेतला पाइप दाखवला, टेप धरून जमिनीपासूनची उंची सांगितली आणि माझ्या मोबाइलवर फोटो काढायला लावले. “उद्या कुणी खिळा मारला तर तार कुठे आहे ते कळायला हवं. मी असेन नसेन.” गवंड्याची ती संध्याकाळ वाया गेली, त्याचे पैसे त्यांनी स्वतःकडून दिले. एकदा भिंत बुजली की आत काय आहे ते फक्त करणाऱ्यालाच ठाऊक. ते त्यांनी आम्हालाही दाखवून ठेवलं. माझ्या लेखी ह्या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

शेवटच्या दिवशी मेगर आणला. सगळे दिवे-पंखे बंद करून तारांवर 500 व्होल्टचा दाब देऊन त्यांचं आवरण किती धरतं ते मोजलं. निदान एक मेगओहम यावं लागतं. आमच्या एकूण एका सर्किटचे आकडे त्याच्या कितीतरी वर आले. अर्थिंगची तार खालच्या मीटर रूमपासून नवी आणली होती, ती मोजली. मग आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) तारेला वाचवतो आणि आरसीसीबी माणसाला, असं त्यांनी नातीला समजेल इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, जितका करंट गेला तितका न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. 30 मिलिअँपिअरइतका फरक पडला, म्हणजे तो दुसऱ्या कुठल्या वाटेने, कदाचित कुणाच्या अंगातून जातोय, की आरसीसीबी लगेच पडतो. त्यावरचं ‘टी’ अक्षराचं बटण त्यांनी माझ्याकडून दाबून घेतलं. सगळं घर बंद झालं. मग त्यांनी खुर्चीवर बसून टेस्ट रिपोर्ट भरला आणि सही केली.

ह्या सेवेत उणंही आहे, तेही लिहिते. आठ दिवस जास्त लागले. त्यातले तीन त्यांच्या गावच्या जत्रेचे होते, ते आधी सांगायला हवं होतं. आम्ही त्या दिवसांत एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि धूळ घेऊन राहिलो. आमच्या ह्यांना दम्याचा त्रास आहे, तो वाढला. ठेकेदार दिवसा फोन उचलत नाहीत. काम करताना फोन नको हे मला पटतं, पण दुपारी एकदा उलटा फोन करायला हरकत नसावी. प्लॅस्टर त्यांचं काम नाही आणि त्यांनी आणलेला गवंडी सुमार होता. हॉलमध्ये खाचेची रेघ रंगाखालून अजून दिसते. बेडरूमचा एक बोर्ड बोटभर तिरका बसला होता. दाखवल्यावर दुसऱ्या आठवड्यात येऊन सरळ करून गेले, पैसे घेतले नाहीत. मजुरी आम्ही घेतलेल्या तीन अंदाजांत मधली होती. सगळ्यात कमी अंदाज 9,000 रुपयांनी खाली होता, पण त्यात मेगरचं नाव नव्हतं आणि लायसन विचारल्यावर ‘भावाच्या नावावर आहे’ असं उत्तर आलं होतं.

बिलाबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यावर जीएसटी नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, नोंदणी नाही, म्हणून लावत नाही. मागे एका कामात दुसऱ्याच कुणी माझ्याकडून कच्च्या पावतीवर 18 टक्के घेतले होते आणि नंबर मागितल्यावर विषय बदलला होता, तो प्रसंग आठवला. ह्या ठेकेदारांच्या बिलावर लायसन नंबर, तारीख, सामानाची यादी आणि ‘कामात दोष निघाल्यास एक वर्ष विनामूल्य दुरुस्ती’ असं लिहिलेलं आहे. कधी वाद झालाच तर ग्राहक आयोगापुढे किंवा 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हातात कागद हवा, हे त्यांनीच मला सांगितलं. स्वतःविरुद्धची तक्रार कशी करायची ते सांगून जाणारा कारागीर मी पहिल्यांदा पाहिला.

शेजारच्या पाटलीणबाईंनी परवा विचारलं, त्यांच्या भाडेकरूसाठी नुसता टेस्ट रिपोर्ट मिळेल का ह्या ठेकेदारांकडून? मी म्हटलं, मिळेल, पण ते आधी तुमच्या पॅसेजची डबी उघडतील. त्यांचीही वायरिंग 1986चीच आहे. रविवारी सकाळी त्या शिडी देणार आहेत.

आमच्या डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. वर त्यांच्या हस्ताक्षरात सगळ्या सर्किटांची नावं आणि त्या दिवशीचे आकडे, खाली सही, लायसन नंबर आणि तारीख. त्याखाली मी पट्टीने 12 चौकोन आखले आहेत. दर महिन्याच्या 1 तारखेला नात खुर्चीवर चढून बटण दाबते, घर अंधारतं, ती टाळ्या वाजवते आणि मी त्या महिन्याच्या चौकोनात माझी सही करते.